रोहिणीला गोळी, मृणालला समुद्र: सुरुवातीच्या बंगाली कादंबरीतल्या बायका

प्रश्न असा आला आहे: ‘पाठ्यपुस्तकात बंकिमचंद्र सनातनी, रवींद्रनाथ उदारमतवादी आणि शरच्चंद्र बायकांचे कैवारी, अशी मांडणी आहे. ती कितपत खरी? आणि त्या काळातल्या बंगाली कथा-कादंबऱ्यांना स्त्रीवादी म्हणता येईल का?’ बंगाली साहित्य शिकवण्यात आणि मराठीत आणण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे उत्तर लांबणार हे आधीच सांगते.

मांडणी अगदीच खोटी नाही, पण तिचा उपयोग फारसा नाही. लेखकाला एकदा खणात बसवला की पुस्तक उघडायची गरजच उरत नाही. त्यापेक्षा दोन गोष्टी वेगवेगळ्या बघा: कादंबरीतली बाई काय बोलते, आणि कादंबरी शेवटी तिचं काय करते. सुरुवातीच्या बंगाली कादंबरीत या दोन्हींचं एकमेकांशी पटत नाही. बाई असं काही बोलून जाते की आजही वाचताना थबकायला होतं, आणि पुढे तीच बाई विष घेते, गोळी खाते, वेडी होते, नाहीतर काशीची वाट धरते. या बायकांना जिवंत ठेवून गोष्ट संपवायला बंगाली कादंबरी हळूहळू शिकली. मला विचाराल तर खरा इतिहास तो आहे.

काळ साधारण १८५० ते १९३१ असा धरू. बेहुला, फुल्लरा या मध्ययुगीन बंगाली मंगलकाव्यांतल्या नायिका बाजूला ठेवू, तो वेगळाच विषय आहे. पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊक असेलच: विद्यासागरांच्या खटपटीने १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला. त्यांच्या विधवाविवाहाच्या पुस्तकाचं भाषांतर आपल्या विष्णुशास्त्री पंडितांनी केलं, आणि कायद्याच्या दुसऱ्याच वर्षी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली. म्हणजे विधवेचा प्रश्न दोन्ही भाषांतल्या कादंबरीच्या जन्मापासूनच तिच्यासोबत आहे. एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. बंगालीत बाई नायिका होण्याआधी वाचक झाली. १८५४ मध्ये प्यारीचाँद मित्र आणि राधानाथ सिकदार (हो, एव्हरेस्टच्या उंचीचं गणित मांडणारे तेच) यांनी ‘मासिक पत्रिका’ काढली, ती मुख्यतः बायकांना वाचता यावी अशा सोप्या बोलीत. ‘आलालेर घरेर दुलाल’ ही प्यारीचाँदांची कादंबरी तिच्यातच क्रमशः आली. आणि वाचणं म्हणजे काय प्रकरण होतं, ते राससुंदरी देवींच्या ‘आमार जीबन’ या आत्मचरित्रात पाहा. ‘चैतन्य भागवता’चं एक पान सोडवून घेऊन ते स्वयंपाकघरात लपवायचं, मुलाने अक्षरं गिरवलेल्या ताडपत्राशी ताडून बघायचं, आणि स्वयंपाक करताना डाव्या हातात धरायचं. वाचणारी बाई दिसली की घर बुडतं, अशी समजूत असलेल्या काळात ही बाई एकेक अक्षर लावत होती.

आता बंकिमचंद्र. इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळा गुंता इथेच आहे.

‘कृष्णकान्तेर उइल’ (१८७८) मध्ये रोहिणी येते ती तिच्या ‘दोषां’च्या यादीसकट. लहान वयात विधवा झालेली, पण वैधव्याला न शोभणारे पुष्कळ दोष तिच्यात आहेत, असं बंकिम सांगतात. दोष कोणते? ती काळ्या काठाचं वस्त्र नेसते, हातात बांगड्या घालते, आणि पानही खात असावी. मराठी वाचकासाठी एक खुलासा: आपल्याकडची ब्राह्मण विधवा म्हटली की केशवपन डोळ्यांपुढे येतं. बंगालमध्ये विधवेची ओळख मुख्यतः बिनकाठाच्या पांढऱ्या वस्त्राची, निर्जळी एकादशीची आणि मासे सोडल्याची. त्यामुळे रोहिणीचा तो काळा काठ बंगाली वाचकाच्या नजरेत लगेच भरत असणार. आणि लगोलग बंकिम सांगतात की रांधण्यात ती केवळ द्रौपदी. हा सूर निव्वळ सनातन्याचा नव्हे. पानाबद्दलच्या त्या ‘असावी’मध्ये जी मिस्कील नजर आहे, ती रोहिणीवर जितकी आहे तितकीच तिची पाळत ठेवणाऱ्या गावावरही आहे.

मग कथानक सुरू होतं. जमीनदाराचा मुलगा हरलाल रोहिणीला लग्नाचं आमिष दाखवून मृत्युपत्र चोरायला लावतो. चोरी झाल्यावर म्हणतो, मी कसाही असलो तरी कृष्णकांत रायांचा मुलगा. चोरी करणारीला मी घरची लक्ष्मी करणार नाही. चोरी करवली कोणी? यानेच. विधवाविवाहाच्या गप्पा मारणाऱ्या नव्या बाबूंची याहून बोचरी थट्टा त्या काळात क्वचितच झाली असेल. पुढे रोहिणी गोविंदलालवर जीव टाकते, बारुणी तळ्यात उडी घेते, तो तिला वाचवतो. यथावकाश भ्रमर या आपल्या बायकोला सोडून तो रोहिणीसह प्रसादपूरला जाऊन राहतो. भ्रमरच्या वडिलांनी लावलेल्या सापळ्यात एका परपुरुषाशी बोलताना रोहिणी सापडते, आणि गोविंदलाल पिस्तूल रोखतो. ती गयावया करते: मारू नको, माझं वय कोवळं आहे, सुख आत्ता कुठे मिळालंय. तो गोळी घालतो. खटल्यातून सुटतो.

पहिल्या आवृत्तीत गोविंदलालही शेवटी त्याच तळ्यात जीव देत होता. पुढे बंकिमांनी ते बदललं आणि त्याला संन्यास दिला. म्हणजे लेखकाने शेवट पुन्हा हातात घेतला, पुरुषाला मरणातून सोडवलं, रोहिणीची गोळी मात्र जिथल्या तिथे ठेवली. रोहिणीच्या या मरणावर शरच्चंद्रांनी पुढे उघड नापसंती दाखवली. मतभेद दोन लेखकांचा वाटतो, पण वाद आहे तो एका बाईने जगावं की मरावं याचा.

याच कादंबरीत भ्रमर आहे, सोशिक, सावळी, पतिव्रता. ती नवऱ्याला पत्र लिहिते: तुम्ही जोवर भक्तीला पात्र आहात तोवर माझी भक्ती, जोवर तुम्ही विश्वासाला पात्र तोवर माझा विश्वास, आता माझी तुमच्यावर भक्ती नाही, विश्वासही नाही. पातिव्रत्याला अट घालणारं हे पत्र सनातनी म्हटल्या जाणाऱ्या लेखकाने लिहिलं आहे. बारा वर्षं आधीच्या ‘कपालकुंडले’त (१८६६) तर नायिका नणंदेला सरळ सांगते, बाईच्या जातीला लग्न म्हणजे दासीपण हे माहीत असतं तर मी कधीच लग्न केलं नसतं. बोलण्याला निमित्त काय, तर कुलीन (म्हणजे उंच कुळाच्या जोरावर अनेक लग्नं करणाऱ्या) नवऱ्याला वश करायची जडीबुटी नणंदेसाठी आणायला तिला रात्री एकटीने रानात जायचं आहे. एक बाई दुसरीच्या संसारासाठी रात्री घराबाहेर पडते आणि तिच्या स्वतःच्या संसारात संशय शिरतो. भ्रमर झुरून मरते. कपालकुंडलेला गंगा नेते.

‘विषवृक्ष’ (१८७३) उलट्या बाजूने वाचा. तिथे सूर्यमुखी नणंदेला लिहिते, कलकत्त्यात ईश्वर विद्यासागर नावाचा कोणी मोठा पंडित आहे म्हणे, विधवेच्या लग्नाला शास्त्राची मान्यता देतो. तो पंडित असेल तर मूर्ख कोण? हे वाक्य बंकिमांच्या नावावर खपवलं जातं. पण ते लिहिणारी आहे एक धास्तावलेली बायको, जिचा नवरा घरात आणलेल्या कुंदनंदिनी या विधवेवर भाळला आहे. तिच्या जागी तुम्ही-आम्ही दुसरं काय लिहिलं असतं? पुढे कुंदचं लग्न होतं, म्हणजे कायद्याने दिलेली गोष्ट कादंबरी देते, आणि शेवटी तिच्या हातात विषही देते. विधवेला लग्नाचा हक्क आहे की नाही, यावर कुंदला स्वतःला काय वाटतं ते आपल्याला फारसं कळतच नाही. ती कादंबरीभर जवळजवळ मुकी आहे. आपल्या हरि नारायण आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो’मध्ये यमूला स्वतःची कहाणी स्वतः सांगू दिली. बंकिमांनी ‘इंदिरा’ आणि ‘रजनी’मध्ये बायकांना निवेदन दिलं, पण विधवेच्या हाती ते कधी दिलं नाही.

‘देवी चौधुराणी’ (१८८४) बद्दल विद्यार्थी हमखास विचारतात. सासऱ्याने हाकललेली प्रफुल्ल भवानी पाठकाकडे व्याकरण, गीता, कुस्ती शिकते, दरोडेखोरांची राणी होते, आणि शेवटी सासरी परतून घाटावर भांडी घासायला बसते. सवत विचारते, राणीपणानंतर हे बरं वाटेल का? प्रफुल्ल म्हणते, राज्य करणं हा बायकांचा धर्म नाही, संसाराइतका कठीण योग दुसरा नाही. हा शेवट मला कधीच पटला नाही, आणि मला वाटतं बंकिमांनाही तो पटवून घ्यावा लागला असणार, नाहीतर घाटावर इतकं लांबलचक समर्थन करावं लागलं नसतं. पाच वर्षांपूर्वीच ‘साम्य’ या पुस्तिकेत त्यांनी लिहिलं होतं की बायको मेलेला पुरुष पुन्हा लग्न करतो तर विधवेने का करू नये, आणि मिळकतीत बाईला हक्क का नाही. पुढे त्यांनी ती पुस्तिका पुन्हा छापू दिली नाही. सनातनी बंकिम आणि साम्यवाले बंकिम एकाच टेबलाशी बसून लिहीत होते.

एक अपवाद नोंदवून पुढे जाऊ. पहिल्याच ‘दुर्गेशनंदिनी’त (१८६५) नबाबाची मुलगी आयेशा, तिच्यावर जीव असलेल्या उस्मानच्या तोंडावर सांगते की हा बंदिवान माझा प्राणेश्वर आहे. शेवटी विषाची अंगठी हातात घेऊन ती विचार करते, आणि अंगठी खंदकात फेकून देते. पहिल्या कादंबरीतल्या बाईला जे सुचलं, ते पुढच्या कितीतरी नायिकांना त्यांच्या लेखकांनी सुचू दिलं नाही.

रवींद्रनाथांकडे जाताना वाटेत पुणं लागतं. १८८९ साली ते इथे होते आणि पंडिता रमाबाईंच्या व्याख्यानाला गेले. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली, बंगाली माणसाशी लग्न केलेली, आणि वैधव्यानंतर इंग्लंड-अमेरिका करून परतलेली ही बाई म्हणाली की बायका सगळ्या बाबतींत पुरुषांच्या बरोबरीच्या आहेत, फक्त दारू पिण्यात नाहीत. सभेत गोंधळ झाला आणि व्याख्यान पुरं होऊ शकलं नाही. रवींद्रनाथांनी यावर जे लिहिलं ते ‘भारती’ मासिकात छापून आलं. त्यात गोंधळ घालणाऱ्या वीरपुरुषांची त्यांनी खरडपट्टी काढली खरी, पण त्याच लेखात बायकांची बुद्धी पुरुषांच्या तोडीची नाही, निसर्गानेच त्यांना घरासाठी घडवलं आहे, पतीवरचं अवलंबन भक्ती म्हणून पत्करण्यात कमीपणा नाही, असंही लिहून ठेवलं. उदारमतवादी रवींद्रनाथ जन्मतःच तसे नव्हते, हे सांगायला एवढं पुरे.

मग काय बदललं? माझं मत असं की त्यांची मतं बदलण्याआधी त्यांच्या कथा बदलल्या. ‘देना-पावना’ १८९१ ची, म्हणजे त्या पुण्याच्या लेखानंतर दोनच वर्षांनी. हुंडा चुकता झाला नाही म्हणून सासरी छळ सोसणारी निरुपमा बापाला घर विकू देत नाही. म्हणते, मी काय नुसती पैशाची थैली आहे, की पैसे असतील तोवरच माझी किंमत? ती मरते, थाटात तिचा अंत्यविधी होतो, आणि कथेचं शेवटचं वाक्य सांगतं की या खेपेला हुंडा वीस हजार, तोही रोख. मरण इथेही आहे. पण आता ते मरण बाईची शिक्षा राहिलेलं नाही, ते सासरच्यांवरचं आरोपपत्र झालं आहे. हा बदल लहान नाही.

‘चोखेर बाली’ (१९०३) मध्ये विनोदिनी आहे, मेमसाहेबाकडे शिकलेली विधवा. ती ज्याच्या घरी येऊन राहिली आहे तो विवाहित महेंद्र एका प्रसंगात तिच्या हातातलं पुस्तक हिसकावून बघतो, तर ते निघतं ‘विषवृक्ष’. विधवेने विधवेची कादंबरी वाचायची! कुंदसारखी ती मुकी नाही. स्वतःची भूक, मत्सर, बुद्धीचा माज, सगळं ती ओळखून आहे. महेंद्रच्या आईचा सुनेविषयीचा मत्सरच या आगीला वाट करून देतो, हेही रवींद्रनाथांनी नंतरच्या प्रस्तावनेत नोंदवलं. आणि तरीही महेंद्रचा मित्र बिहारी लग्नाची मागणी घालतो तेव्हा विनोदिनी नकार देते, मी विधवा, मी बदनाम, तुमच्या आयुष्याला डाग लावणार नाही म्हणते, आणि काशीला जाते. विष गेलं, पिस्तूल गेलं, काशी आली. काही वर्षांनी शरच्चंद्रांच्या ‘पल्लीसमाज’ची रमाही काशीलाच जाते. बंगाली कादंबरीला विधवेचं काय करावं हे सुचेना की काशीचं तिकीट काढलं जायचं, असं मी वर्गात म्हणते आणि पोरं हसतात. पण काशीला खऱ्याखुऱ्या बंगाली विधवांची रांगच होती, त्यामुळे ते हसणं फार वेळ टिकत नाही.

आणि मग १९१४. त्या वर्षाच्या सुरुवातीला कलकत्त्यात स्नेहलता नावाच्या मुलीने, हुंड्यापायी बापाचं घर जाऊ नये म्हणून, स्वतःला जाळून घेतलं. बंगालभर खळबळ उडाली. काही महिन्यांत ‘सबुजपत्र’ मासिकात रवींद्रनाथांची ‘स्त्रीर पत्र’ ही कथा आली. लिहिणारी मृणाल, २७ नंबर माखन बडाल गल्लीतल्या घराची मधली सून. पंधरा वर्षांच्या संसारात नवऱ्याला लिहिलेलं हे तिचं पहिलंच पत्र. जगन्नाथपुरीहून लिहिलं आहे. घराबद्दल ती सांगते: पुढच्या बाजूला बाग आहे, दिवाणखान्यात सामानसुमान आहे, आणि आतला बायकांचा भाग म्हणजे लोकरीच्या भरतकामाची उलटी बाजू, तिथे ना लाज, ना शोभा, ना सजावट. तिची मुलगी जन्मतःच गेली तेव्हा आलेला इंग्रज डॉक्टर बाळंतिणीची खोली बघून संतापला होता. एवढ्या तपशिलात अख्खं जुनं कलकत्ता आहे. दर्शनी भागात सुधारणा, आत कोंदट अंधार.

जावेची अनाथ बहीण बिंदू त्या घरात येते, मृणाल तिला पदराखाली घेते, घरचे तिला एका वेड्याच्या गळ्यात बांधतात, आणि शेवटी बिंदू कपड्यांना आग लावून घेते. पुरुषमंडळी म्हणतात, कपडे पेटवून मरण्याची बायकांत आता फॅशनच निघाली आहे. मृणाल लिहिते: मग हे नाटक नेहमी बंगाली बायकांच्या साड्यांवरच का होतं, बंगाली वीरांच्या धोतराच्या निऱ्यांवर का होत नाही, याचाही विचार करायला हवा. पत्राच्या शेवटी ती म्हणते, मी मरेन असं समजू नका, असली शिळी थट्टा मी तुमच्याशी करणार नाही. मीराबाईही माझ्यासारखी बाईच होती, तिला जगण्यासाठी मरावं लागलं नाही. आणि सही करते ती ‘तुमच्या चरणांचा आश्रय तुटलेली मृणाल’ अशी.

खळबळ किती, तर बिपिनचंद्र पालांनी ‘नारायण’ मासिकात ‘मृणालेर कथा’ नावाचं विडंबन लिहून तिला परत घरी आणायचा खटाटोप केला. ज्या बाईला घरी आणायला दुसऱ्या लेखकाला कथा लिहावी लागते, ती बाई खरोखर बाहेर पडलेली असते.

पण पुण्याच्या त्या लेखाची आठवण ठेवून मी एक खुसपट काढतेच. मृणाल समुद्रापुढे उभी आहे ते ठीक, पण उद्या खाणार काय? राहणार कुठे? कथा तिथे थांबते. रवींद्रनाथ बाईला उंबऱ्याबाहेर काढतात आणि तिच्यापुढे आकाश ठेवतात. छप्पर ठेवत नाहीत. ‘योगायोग’मध्ये (१९२९) तर ते स्वतःच उलट्या दिशेने गेले. कुमुदिनीला नवऱ्याच्या अंगाची शिसारी आहे, ती माहेरी निघून आली आहे, आणि गर्भ राहिल्याचं कळताच तिला परत जावं लागतं. या कादंबरीचं पहिलं पान नीट बघा: ती उघडतेच मुळी कुमुदिनीच्या मुलाच्या, अविनाशच्या, बत्तिसाव्या वाढदिवशी. म्हणजे ती परत गेली होती हे वाचकाला सुरुवातीलाच कळलेलं असतं. जाताना ती भावाला सांगते की मूल त्यांच्या स्वाधीन करून मी परत येईन, असंही काही असतं जे मुलासाठीसुद्धा गमावता येत नाही. ती आली की नाही, रवींद्रनाथ सांगत नाहीत. हा शेवट मला ‘स्त्रीर पत्र’हून जास्त प्रामाणिक वाटतो.

शरच्चंद्रांवर मी थोडक्यात बोलणार, आणि काहींना ते आवडणार नाही. मामा वरेरकरांनी त्यांना मराठीत आणलं तेव्हापासून ते आपल्या घरचेच झाले आहेत. १९१३ मध्ये ‘जमुना’ मासिकात त्यांनी ‘नारीर मूल्य’ हा घणाघाती निबंध लिहिला तो अनिला देवी या आपल्या बहिणीच्या नावाने. कणव खरी, अभ्यासही खरा. पण कादंबऱ्यांत बघा: ‘श्रीकांत’ची राजलक्ष्मी असो की ‘चरित्रहीन’ची सावित्री, पतित म्हणवली गेलेली बाई वाचकाच्या मनात पवित्र होते ती नायकाला वाढून, वारा घालून, आजारपणात उशाशी बसून. तिचं प्रमाणपत्र तिच्या सेवेत आहे. विधवेचं लग्न शरद्‌बाबू लावत नाहीत. ‘चरित्रहीन’ची (१९१७) किरणमयी, शास्त्रांचा कीस काढणारी, त्यांच्या सगळ्यांत बुद्धिमान नायिकांपैकी एक, शेवटी वेडी होते. या सगळ्यांत मला लख्ख वाटते ती ‘श्रीकांत’च्या दुसऱ्या भागातली अभया. नवऱ्याला शोधत ती ब्रह्मदेशात जाते, तिथे त्याने दुसरा संसार थाटलेला असतो, वर तो तिला वेताने मारतो. ती प्रवासात सोबत आलेल्या रोहिणीबाबूंबरोबर राहू लागते आणि श्रीकांतला विचारते, लग्नाचे मंत्र त्यानेही म्हटले होते. ते त्याच्यावरून पुसले गेले आणि माझ्याच अंगाला चिकटून कसे राहिले? तिला ना विष, ना काशी. ती रंगूनला संसार करते. आणि १९३१ च्या ‘शेष प्रश्न’मधली कमल आग्र्याच्या भद्र मंडळींना ऐकवते की ताजमहाल हे शिल्पकाराचं यश आहे, शहाजहानच्या एकनिष्ठेचा पुरावा नव्हे, बेगमा त्याला पुष्कळ होत्या. कमल बोलते फार, कधीकधी पात्र कमी आणि भाषण जास्त वाटते. पण तिला मारलं नाही.

पाठ्यपुस्तकातल्या तीन खणांत बाई लेखिका एकही नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. स्वर्णकुमारी देवी रवींद्रनाथांच्या थोरल्या बहीण. त्यांची ‘दीपनिर्बाण’ ही कादंबरी १८७६ ची, तेव्हा धाकटा भाऊ शाळकरी होता. पुढे त्यांनी ‘भारती’चं संपादन केलं, विधवा आणि अनाथ मुलींसाठी १८८६ मध्ये सखी समिती काढली. त्यांच्या ‘काहाके’ (१८९८) मध्ये शिकलेली, वयात आलेली मुलगी स्वतःच्या तोंडाने सांगते की आपलं प्रेम नेमकं कोणावर आहे हे ती तपासून बघते आहे. कथानक आज बाळबोध वाटेल. पण बाईने प्रेमात पडताना विचार करायचा, आणि ते करताना मरायचं नाही, हे १८९८ मध्ये लिहिलं गेलं, ‘चोखेर बाली’च्या आधी.

आणि रुकैया सखावत हुसेन. १९०५ साली मद्रासच्या एका मासिकात त्यांची ‘सुलतानाचं स्वप्न’ ही इंग्रजी गोष्ट आली. बंगाली रूप नंतर ‘मोतिचूर’च्या दुसऱ्या भागात आलं. तिच्यातल्या देशात पुरुष ‘मर्दान्या’त बंद आहेत, बायका उन्हाच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, ढगांतून फुग्याने पाणी उतरवतात. रुकैयांचे यजमान भागलपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. त्यांनी गोष्ट उभ्याउभ्याच वाचून काढली आणि म्हणाले, भयंकर सूड! यजमान वारल्यावर रुकैयांनी शाळा काढली. १९११ मध्ये कलकत्त्यात ती सुरू झाली तेव्हा मुली होत्या ८.

म्हणून त्यांची ‘पद्मराग’ (१९२४) वाचताना मला नेहमी मृणाल आठवते. या कादंबरीत तारिणी भवन आहे, ब्राह्मो समाजातल्या एका विधवेने उभारलेलं. हिंदू, मुसलमान, ब्राह्मो, ख्रिस्ती, नवऱ्यांनी टाकलेल्या आणि नवऱ्यांना टाकून आलेल्या बायका तिथे राहतात. शाळा आहे, कार्यशाळा आहे, आजाऱ्यांची शुश्रूषा आहे. नायिका सिद्दिका हिला मिळकतीच्या हावेपायी नाकारणारा नवरा पुढे तिच्या आयुष्यात येतो, दोघांचं प्रेमही जडतं, तो पश्चात्तापही करतो. वाचक सुखान्त शेवटाची वाट बघत असतो. सिद्दिका नाही म्हणते. संसार हे बाईच्या जन्माचं एकमेव सार्थक नाही, हे तिला समाजाला दाखवून द्यायचं आहे. कादंबरी म्हणून ‘पद्मराग’ ओबडधोबड आहे, योगायोगांनी भरलेली आहे, ‘चोखेर बाली’च्या कारागिरीच्या आसपासही ती नाही. पण मृणाल खाणार काय, या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे, कारण लिहिणारी बाई रोज शाळेच्या गाडीचा आणि शिक्षिकांच्या पगाराचा हिशेब करत होती.

मग स्त्रीवादी म्हणायचं का? रुकैयांना बिनदिक्कत म्हणा. स्वर्णकुमारींना म्हणताना त्या काय लिहितात याच्याबरोबर त्या काय करत होत्या तेही बघा. पुरुष लेखकांच्या बाबतीत मी तो शब्द लेखकाला लावत नाही, एखाद्या पानाला लावते. भ्रमरचं पत्र स्त्रीवादी आहे, ‘कृष्णकान्तेर उइल’ नाही. ‘स्त्रीर पत्र’ आहे, ‘देवी चौधुराणी’चा घाटावरचा शेवट नाही. अभया आहे, राजलक्ष्मीची सेवा नाही. आणि एक उणीव सगळ्यांच्या माथी आहे: या बायका बहुतेक भद्र, म्हणजे वरच्या थरातल्या सुशिक्षित घरांतल्या. ‘विषवृक्षा’तली हीरा दासी बुद्धीने कोणालाही हार जाणारी नाही, पण तिचं वेड कोणाच्या मनाला लागत नाही, समीक्षकांच्याही नाही. निबंधाला विषय हवा असेल तर हीरा घ्या, तिच्यावर लिहिण्यासारखं खूप आहे.

वाचायला सुरुवात ‘स्त्रीर पत्र’पासून करा, तासाभरात होईल. मग मागे जाऊन ‘कृष्णकान्तेर उइल’, पुढे येऊन ‘चोखेर बाली’ आणि ‘श्रीकांत’चा दुसरा भाग. ‘पद्मराग’ शेवटी ठेवा, आणि ती वाचताना समासात नोंदवत जा: तारिणी भवनात कोण काय काम करतं, त्याचे पैसे कुठून येतात, आणि दार आतून लावायचा हक्क कोणाकडे आहे.